गॅसवाल्याची केस हिस्टरी

देहदानाचा अर्ज भरून फाईलला लावला की काम झालं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. जिवंतपणी केलेली सही ही नुसती इच्छा. माणूस गेल्यावर देह जवळच्या नातलगांच्या ताब्यात, आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं तर कॉलेज अर्ज मुकाट बाजूला ठेवतं. माझ्या मित्राला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून अर्ज त्यानं कधीच आणून ठेवला होता, पण भरायला घेतला तो घरातल्या एकेकाला पटवून झाल्यावरच. साक्षीदार म्हणून सही मात्र न विचारता माझ्यापुढे सरकवली. “काय बे कसाई, कर सही. आयुष्यभर माझ्या भरवशावर कापाकापी केलीस.”

तो भूलतज्ज्ञ, मी सर्जन. दोघंही आर्मी मेडिकल कोअरचे, त्याआधी पुण्याच्या एएफएमसीचे, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजचे, १९७८च्या बॅचचे. फौजेत भूलतज्ज्ञाला गॅसवाला म्हणायची रीत आहे, आणि त्याला तर पुढे त्याच्या नावानं कुणी हाकच मारली नाही. मीही इथे त्याला तेच म्हणतो. तो सोलापूरचा. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावचा म्हणून मुलाखतीत त्याला त्यांच्यावरच प्रश्न आला होता, असं तो सांगायचा. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले कोटणीस १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. “फार मोठा माणूस,” गॅसवाला म्हणायचा, “पण आपण पेन्शन घेऊन जायचं.”

देहदानाचं त्याच्या डोक्यात कुठून आलं, हे मला माहीत आहे. वानवडीला, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही एका टेबलाला होतो. फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी यायचं, बोटांचा वास साबणानं जायचा नाही आणि मेसमध्ये चपाती तोडताना तोच वास नाकात बसायचा. बाकीची मुलं ओकारी आवरत होती किंवा धीटपणाचं सोंग करत होती. हा मात्र टेबलावरच्या माणसाचं पोट निरखत होता. उजव्या बाजूला जुन्या ऑपरेशनचा व्रण होता. “याला काय झालं होतं?” त्यानं डेमॉन्स्ट्रेटरना विचारलं. ते म्हणाले, बेवारस बॉडी आहे, कोण सांगणार? १९४९च्या ॲनाटॉमी ॲक्टनं मुख्यतः बेवारस देहच कॉलेजांना मिळायचे. स्वतःहून देह देणारे तेव्हा विरळा. गॅसवाल्याला ते लागलं. संध्याकाळी खोलीवर म्हणाला, “हिस्टरी नसलेला पेशंट आहे बे हा. आपण त्याच्या सगळ्या नसा पाठ करणार, आणि त्याला काय दुखत होतं ते कधीच कळणार नाही.”

तो हिस्टरीचा माणूस होता. सर्जनला जखम दिसली की हात शिवशिवतात. तो आधी विचारायचा, काय खाल्लं, कधी खाल्लं, दम लागतो का, घरी कुणाला भूल देताना त्रास झाला होता का. माझी चिडचिड व्हायची. त्याच्या या चौकशांमुळे टेबलावरून उठून बसलेले पेशंट मात्र मी मोजलेले नाहीत.

पहिलं पोस्टिंग त्याला सियाचीनचं मिळालं, पलटणीचा आरएमओ, म्हणजे पलटणीबरोबर राहणारा डॉक्टर म्हणून. सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, एप्रिल १९८४मध्ये सुरू झाली होती. हा गेला तेव्हा तिकडची व्यवस्था अजून बसत होती. उंचीवरचा फुफ्फुसांचा सूज-आजार, ज्याला फौजेत सगळे ‘हापो’ म्हणतात, तो त्यानं तिथे पाहिला. एका रात्री एका जवानाला खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागला. हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय उडणार नव्हतं. खाली नेणं हाच खरा उपाय, आणि अंधारात हिमदऱ्यांमधून नेणं म्हणजे आणखी चार जणांचा जीव टांगणीला लावणं. ऑक्सिजनचे सिलिंडर किती पुरतील याचा हिशेब मांडून त्यानं प्रवाह कमी-जास्त करत रात्र काढली. त्या रात्रीबद्दल तो एवढंच सांगायचा, की छातीतली करकर वरवर कुठपर्यंत चढली याच्या खुणा तो जवानाच्या पाठीवर बॉलपेननं करत होता. पहाटे शेवटची रेघ खांद्याच्या पात्याच्या खाली थांबली. सकाळी ‘चीता’ आलं. जवान वाचला, आणि पाठीवरची निळी शाई बघून हुंडरच्या डॉक्टरांनी याला शिव्या घातल्या, असं तो खुशीत सांगायचा.

या विषयावरचा एक जुना लेख त्याच्या पेटीत कायम असे. १९६२च्या युद्धाच्या वेळी सपाटीवरचे जवान विमानानं थेट उंचीवर नेले गेले आणि शत्रूच्या गोळीआधी विरळ हवेनंच कित्येकांना आडवं केलं. त्या काळातल्या १,९२५ जवानांचा अभ्यास इंदरसिंग आणि त्यांच्या फौजी सहकाऱ्यांनी १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. जगभर आजही त्याचा दाखला देतात. वर जाणाऱ्या जवानाला आज सहा, चार आणि चार दिवसांचे थांबे सक्तीनं घ्यावे लागतात, ते अशा कामामुळे. गॅसवाला तो लेख नव्या आरएमओंना वाचायला द्यायचा आणि परत मागून घ्यायचा.

पुढे त्यानं भूलशास्त्रात एमडी केलं, मी सर्जरीत एमएस. लेहला, १५३ जनरल हॉस्पिटलमध्ये, आम्ही पुन्हा एकत्र आलो. साडेअकरा हजार फुटांवर नायट्रस ऑक्साइडचा जोर ओसरतो, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पेशंट पोटात सुरी लागताच हलला तेव्हा ते मला समजलं, आणि पडद्यापलीकडून आवाज आला, “मी म्हटलं नव्हतं, दोन मिनिटं थांब?” हिवाळ्यात सलाईन थिजू नये म्हणून तो रात्री बाटल्या पांघरुणात घेऊन झोपायचा. घरून पार्सल आलं की शेंगाचटणी आणि कडक भाकरी. महिनाभर टिकणारं ते खाणं लडाखसाठीच जन्माला आलं असावं. आमचा मल्याळी सुभेदार मेजर त्या भाकरीला ‘सोलापूरचं चिलखत’ म्हणायचा आणि दोन दोन खायचा.

मग १९९९. कारगिलचं सगळ्यांनी वाचलं, पाहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. आम्ही दोघं श्रीनगरला ९२ बेस हॉस्पिटलमध्ये होतो. हेलिकॉप्टर उतरायचं, स्ट्रेचर यायचे, बहुतेकांना तोफगोळ्यांच्या किरचा लागलेल्या. कुणाला आधी आत घ्यायचं हे तो ठरवायचा. सर्जन आरडाओरडा करणाऱ्याकडे धावतो, तो गप्प पडलेल्याकडे जायचा. एकदा माझ्या हातात हात चिरडलेला एक हवालदार होता, रक्तानं माखलेला, बघवत नव्हतं. गॅसवाल्यानं त्याला पट्टी बांधून बाजूला ठेवायला लावलं आणि कोपऱ्यातल्या एका पोरसवदा शिपायाला उचललं. त्याच्या बरगडीखाली मटारएवढं भोक होतं, बाकी काही नाही. नाडी १४०. पोटात दीड-दोन लिटर रक्त निघालं. हवालदाराचा हात दोन तासांनी शिवला आणि तोही राहिला.

केटामिन हे लढाईतलं भुलीचं औषध. श्वास चालू राहतो, रक्तदाब टिकतो, मोठं यंत्र लागत नाही. पण उतरताना माणूस बरळतो, घाबरतो, कधी पुन्हा टेकडीवर जाऊन लढायला लागतो. तेव्हा गॅसवाला त्याच्या कानाशी बसायचा. सोलापुरात वाढल्यामुळे कानडी आणि तेलुगू त्याला येत होतंच. पंजाबी, नेपाळी, तमिळ त्यानं कामापुरतं जमवलं होतं. प्रत्येकाला त्याच्या भाषेत एकच सांगायचा, लांब श्वास घे, तू हॉस्पिटलात आहेस. याची कुठे नोंद नाही. मेडल मिळतं ते दुसऱ्या गोष्टींना, आणि मिळालं तेव्हा त्यानं ते कपाटात ठेवलं.

निवृत्तीनंतर तो पुण्यातच राहिला, माझ्या घरापासून स्कूटरनं दहा मिनिटांवर. एका सकाळी त्याचा फोन. “माझ्या फुफ्फुसांच्या दोन्ही बेसना, तळाशी, वेल्क्रो ऐकू येतोय. ये आणि ऐक.” स्वतःच्या पाठीला स्टेथोस्कोप लावण्यासाठी त्यानं वहिनींना कामाला लावलं होतं. मी ऐकलं. वेल्क्रोची पट्टी ओढावी तसा तो कोरडा आवाज एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. सीटी स्कॅनमध्ये हनीकोंबिंग, मधाच्या पोळ्यासारखी जाळी, दिसलं. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. ज्याचं कारण सापडत नाही अशी फुफ्फुसांची घट्ट होत जाणारी जखम. गोळ्यांनी वेग कमी होतो, थांबत नाही. निदानानंतर साधारण तीन ते पाच वर्षं. ही आकडेवारी मला सांगायची वेळच आली नाही, त्यानंच मला सांगितली.

पुढे हवेतून ऑक्सिजन काढून देणारा कॉन्सन्ट्रेटर आला, नाकात नळी आली. रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, त्यात फक्त एका ठिकाणाचं नाव असायचं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ९० असलं की ‘लेह’. ८७ म्हणजे ‘बेस कॅम्प’. ८२ आलं की ‘कुमार’, सियाचीनवरचं आणखी उंच ठाणं. ज्या दिवशी पहिल्यांदा ‘बाणा’ आलं, त्या दिवशी मी स्कूटर काढली. वहिनी चिडायच्या. “भावजी, तुम्ही दोघं याची चेष्टा कशी करू शकता?” मला काही उत्तर सुचायचं नाही. एकवीस हजार फुटांवरच्या ठाण्याचं नाव मोबाईलवर वाचून मी काय करणार होतो, शेजारी बसून पंखा कमी-जास्त करण्याखेरीज?

याच काळात त्यानं घर पटवायला घेतलं. वहिनी रडल्या, मग तयार झाल्या. कॅनडातला मुलगा लगेच हो म्हणाला. त्याचं दुखणं वेगळं होतं, त्याला वेळेवर पोचता येईल का हे. खरी अडचण सोलापूरचे अण्णा, थोरले भाऊ. माळकरी, दर आषाढीला पंढरपूर. अग्नी नाही, अस्थी नाहीत, सावडणं नाही, मग दहावा कशाचा? गॅसवाल्यानं वाद घातला नाही. उलट गुरुजींनाच फोन लावला. देह नसेल तेव्हा पालाशविधी करतात, पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि फोन अण्णांच्या हातात दिला. “करा की अण्णा,” म्हणाला, “पळसाची पानं माझ्यापेक्षा चांगली जळतील.” अण्णा उठून गच्चीवर गेले. अर्ध्या तासानं येऊन सही केली.

मग अटींची यादी. पोस्टमॉर्टेम झालेला देह कॉलेज घेत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस, क्षय असेल तरी नाही, कारण हाताळणाऱ्या मुलांना धोका. त्यानं स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून रिपोर्ट फाईलला लावले. “यांना सबब नको.” फाईलमध्ये शेवटी एक बंद पाकीट होतं. त्यात त्यानं स्वतःची केस समरी लिहिली होती. बालपणीचा टायफॉइड, सियाचीनचा काळ, गुडघ्याचं ऑपरेशन (‘सर्जन: कसाई, पण टाके बरे’), फायब्रोसिसची तारीखवार वाटचाल, सीटीच्या प्रती. वर लिहिलं होतं: पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी.

तो गेला पावसाळ्यात, पहाटे, घरीच. व्हेंटिलेटर नको हे त्यानं लिहून ठेवलं होतं. मी पोचलो तेव्हा वहिनी त्याच्या उशाशी होत्या आणि कॉन्सन्ट्रेटर तसाच चालू होता.

इथून पुढे घड्याळ चालतं, हे या वाटेनं जाणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. नेत्रदान सहा तासांच्या आत. पंखा बंद केला, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दोन उशा. एका नेत्रपेढीचा फोन वाजत राहिला, दुसऱ्या ठिकाणी उचलला. तासाभरात दोघं आले, वीस मिनिटांत काम करून गेले. मृत्यूचं प्रमाणपत्र शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनं द्यायचं असतं. घरी मृत्यू झाला तर नमुना ४ अ. त्याचे छातीचे डॉक्टर, वयानं आमच्याहून कितीतरी लहान, सकाळी सहाला आले. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलं नाही हे बघून मला बरं वाटलं. गॅसवाल्याला त्या शब्दांचा राग होता. मरताना हृदय आणि श्वास सगळ्यांचेच थांबतात, ते कारण नव्हे, असं तो ज्युनिअरांना ठणकावून सांगायचा. यांनी नीट लिहिलं: श्वसनक्रिया निकामी, कशामुळे, तर पल्मनरी फायब्रोसिसमुळे.

अडलं ते झेरॉक्ससाठी. आधार कार्डाच्या प्रती, त्याच्या आणि वहिनींच्या, दोन-दोन. सकाळी सहा वाजता पुण्यात दूध मिळतं, झेरॉक्स मिळत नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं तिच्या प्रिंटरवर काढून दिल्या. आधीच काढून फाईलला लावाव्यात, फुकटचा सल्ला.

मुलाला थांबायला हवं का, असा प्रश्न आलाच. त्याचं विमान दुसऱ्या रात्री उतरणार होतं. शीतपेटीची सोय होऊ शकते, कॉलेजशी बोलता येतं. पण त्यानं व्हिडिओ कॉलवर बापाला पाहिलं आणि म्हणाला, “काका, बाबांनी मला सांगितलंय थांबायचं नाही म्हणून. तुम्ही निघा.” बॅचमधले सात-आठ जण जमले होते. कुणीतरी पुष्पचक्र आणलं. एकाला बिगुल हवा होता. वहिनींनी मान हलवून नाही म्हटलं.

शववाहिकेच्या ड्रायव्हरनं सवयीनं विचारलं, “काका, वैकुंठ की कोरेगाव पार्क?” कॉलेजात, म्हटल्यावर त्यानं मागे वळून एकदा माझ्याकडे, एकदा स्ट्रेचरकडे पाहिलं. सोलापूर रस्त्याला लागल्यावर म्हणाला, “म्हणजे तिथं काय करतात?” मी सांगितलं. मांडीतल्या धमनीतून फॉर्मॅलिन आणि ग्लिसरीन वगैरे भरतात, काही महिने ठेवतात, मग मुलं शिकतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. गेटवर संतरीनं गाडी थांबवली, कागद पाहिले आणि बाजूला होऊन कडक सॅल्यूट ठोकला. ते बघून ड्रायव्हरही सीटवर ताठ बसला.

ॲनाटॉमी विभागात एक तरुण मेजर आणि एक टेक्निशियन होते. अर्ज, प्रमाणपत्र, वहिनींचं संमतीपत्र, ओळखपत्रं, एकेक कागद टिकमार्क करून घेतला. अंगठी, जानवं, दोरा काढलेला आहे का पाहिलं. मनगटाला नंबरची पट्टी बांधली. यापुढे तो नंबर, नाव नाही. हल्ली पहिल्या वर्षाची मुलं डिसेक्शनआधी देहापुढे शपथ घेतात, असं मेजरनं सांगितलं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी पाकीट पुढे केलं. मेजरनं ते उघडून वाचलं, पहिलं पान, मग सगळीच. म्हणाला, “सर, देहाबरोबर केस समरी कुणी देत नाही.”

“यानं दिली आहे. नाव झाकून मुलांना दाखवता येईल का बघा.”

आत न्यायची वेळ आली तेव्हा अण्णांनी खिशातून तुळशीचं पान काढून त्याच्या ओठांवर ठेवलं आणि टेक्निशियनला विचारलं, “हे चालेल ना?” तो म्हणाला, चालेल बाबा. दार बंद झालं. मी थांबलो नाही. हजारो पोटं उघडलेल्या माणसाला तो अर्धा तास बघवला नसता.

उरलं ते कागदांचं. स्मशानभूमीच्या पावतीऐवजी कॉलेजची देह मिळाल्याची पावती महापालिकेत चालते, खिडकीवरच्या माणसाला मात्र ते वरिष्ठांना विचारून यावं लागलं. फॅमिली पेन्शनसाठी ‘स्पर्श’ पोर्टलवर माहिती भरायची. तिथे वहिनींच्या नावाचं स्पेलिंग पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, वेगळं आणि आधारवर वेगळं निघालं. मुलानं येऊन ते निस्तरलं. कॉन्सन्ट्रेटर मी खालच्या गल्लीतल्या एका शिक्षकांना दिला. सोलापुरात पालाशविधी झाला, मी गेलो होतो. पानं ओली होती, पेटायला वेळ लागला, आणि अण्णा माझ्याकडे बघून हसले.

काही महिन्यांनी मेजरचा फोन आला. समरीच्या नाव झाकलेल्या प्रती मुलांना वाटायच्या होत्या, एक-दोन शब्द लागत नव्हते. भूलतज्ज्ञाचं अक्षर. मी वाचून सांगितले. मग तो जरा अडखळला.

“सर, एक विचारू? सॅच्युरेशनच्या तक्त्यात सरांनी ८२ पुढे कुमार लिहिलंय. मी कुमारला आरएमओ होतो. रुळलेल्या माणसाचं तिथे थोडं जास्त असतं, सर. माझं स्वतःचं ८५च्या खाली क्वचितच जायचं.”

“त्यांच्या काळात ऑक्सिमीटर नव्हते. अंदाजानं लिहिलं असेल.”

“मग दुरुस्त करू का?”

“तळटीप टाका,” मी म्हटलं. “खाली तुमचं नाव घाला. भांडायला तो असता तर तुमच्याशीच भांडला असता.”